झुणक्याचा उपवास

५१.४० ग्रॅम

"हलू नको रे, हलू नको," पुण्याहून आलेली माझी मुलगी सुमेधा पालीला सांगत होती, आणि पाल काट्यावर बसून जिभेनं स्वतःचाच डोळा पुसत होती.

काटा चांदी तोलायचा. आमच्या हुपरीत बहुतेक घरांत असा एक काटा असतो. पुरुष चांदी गाळतात, तारा ओढतात, आणि आम्ही बायका चिमटा घेऊन पैंजणांना घुंगरू लावतो. काट्यावर दशांशानंतर दोन आकडे दिसतात, कारण तेवढ्यावरूनही आमच्याकडं भांडणं होतात.

"एक्कावन्न चाळीस. लिही आई. दर रविवारी वजन करायचं."

"दागिना हाय का काय त्यो?" आत्या सोप्यातून, म्हणजे पुढच्या खोलीतून, म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, चंपाबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

"लेपर्ड गेको आहे, आज्जी. वर्षाचा आहे. झुणका नाव त्याचं."

नाव बरोबर होतं. अंग पिवळंधमक, वर मोहरी तडतडल्यासारखे काळे ठिपके. शेपूट मात्र तोंडल्यासारखं फुगलेलं. त्यात तो चरबी साठवतो म्हणे.

"आणि ह्या दुसऱ्या डब्यात काय किरकिरतंय?"

"रातकिडे. त्याचं जेवण. एक दिवसाआड पाच-सहा सोडायचे, वर ही पांढरी पावडर भुरभुरायची. कॅल्शियम असतं. संपले की पुण्याहून कुरियरनं येतील."

आम्ही दिगंबर जैन. दिवस मावळला की आमची चूल बंद. पाणी गाळूनच पितो. कुठं मुंगीची रांग निघाली तर आत्या पाय उचलून वळसा घालतात. त्या उठून डब्याजवळ आल्या.

"जिवंत?"

"तो मेलेलं खात नाही, आज्जी. आणि मारतो तो. आपण नाही."

"डबा कोण उघडतंय?"

सुमेधानं डब्याचं झाकण घट्ट केलं. संध्याकाळच्या गाडीनं ती बेंगळुरूला गेली. दोन-अडीच महिन्यांचं काम होतं आणि तिथल्या वसतिगृहात पाल चालणार नव्हती. माझे यजमानही तेवढ्याच दिवसांसाठी माल घेऊन सेलमला गेलेले. घरात मी, आत्या आणि झुणका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी रातकिड्यांचा डबा परसात नेला, लिंबाच्या झाडाखाली आडवा केला आणि हात जोडले. "जावा बाळांनो." मी दगडावर कपडे घासत होते. मला दिसत होतं. मी कपडे घासत राहिले.


४८.९५ ग्रॅम

आता झालेली चूक. ती एकट्या आत्यांची म्हणून सांगणं सोपं आहे. ते खोटं आहे.

भिजवलेली मूगडाळ वाटून दिली. कुस्करलेलं केळं दिलं. बशीत दूध दिलं, म्हशीचं, साय काढून. खवा दिला. मुगाकडं त्यानं पाठ फिरवली, पण केळं चाटलं, दूधही चाटलं. आत्यांना एवढा आनंद मी सुमेधाच्या बारावीच्या निकालालाही पाहिला नव्हता.

"बघ, राजमती! मिळालं की खातंय. सवय असती नुसती. माणसागत."

"पण आत्या, सुमेधा म्हणाली होती की..."

"सुमेधा हॉस्टेलात अंडी खाती. मला ठाऊक हाय."

हसू आलं मला. मी हसले, आणि तिथंच विषय संपला. केळं मी कुस्करत होते. बशी मी धूत होते. फोनवर सुमेधाला "खातोय गं मस्त" हे मीच सांगत होते. आमच्या घरात एक हिंस्र जीव शुद्ध शाकाहारी झाला म्हणून शेजारच्या चंद्राक्काला कौतुकानं बोलावून आणलं तेही मीच.

चंद्राक्का वाकून बघत म्हणाली, "आमच्या ह्यांना पण दोन महिनं ठेवून घ्या की तुमच्याकडं."


४४.१०

४२.३५

४१.८५

वजनं लिहीत होते. कळवत नव्हते. आकडा दिसत होता आणि मी घुंगरू लावत होते.


४१.२० ग्रॅम

पहिल्यांदा पाय थरथरले. मग तो पोट उचलून चालेना, कोपरांवर सरपटायला लागला. शेपूट आटलं, वाळवलेल्या गवारीसारखं झालं. मग एका सकाळी बघते तर तोंड किंचित उघडं, बोट मावेल न मावेल एवढी फट, आणि ती मिटत नव्हती. केळं पुढं केलं. त्यानं मान वळवली.

ती भाद्रपद शुद्ध पंचमी होती. त्या दिवशी आमचं दशलक्षण पर्व लागतं. दहा दिवस. कोणी एक वेळ जेवतं, कोणी एक दिवसाआड, कोणी दहाच्या दहा दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहतं.

"राजमती," आत्या हळू आवाजात म्हणाल्या, "आज काय हाय?"

"पंचमी."

"पर्व लागलं आणि ह्यानं अन्न सोडलं."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ह्यानं सल्लेखना घेतलीया."

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. आयुष्य संपत आलं आहे हे ओळखून, गुरूची आज्ञा घेऊन, हळूहळू अन्न आणि मग पाणी सोडून शांतपणे देह ठेवणं, ही सल्लेखना. आमच्यात याहून मोठं मरण नाही. मी त्याची थट्टा करणार नाही. माझ्या आजोबांनी ती घेतली होती, ब्याऐंशीव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत. तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसले होते.

दुपारपर्यंत गल्लीतल्या सात-आठ बायका येऊन गेल्या. झुणक्याची काचेची पेटी परसदारातून सोप्यात आली. कुणी खाली पाट ठेवला. कुणी पांढरा रुमाल अंथरला. चंद्राक्का झुणक्याच्या कानाशी णमोकार मंत्र म्हणत होती.

"कान कुठाय गं ह्याचा?" मधेच तिनं विचारलं.

"ते भोक दिसतंय नव्हं, तेच."

"आरपार दिसतंय की गं! ह्या बाजूनं त्या बाजूचा उजेड."

"म्हणून तर ऐकतंय. आपल्यासारखं मधे काय अडत न्हाई."

सगळ्या हसल्या, मग गप्प होऊन पुन्हा हात जोडले. त्या वाईट बायका नव्हत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं मी त्यांच्याशी जशी वागले ते मला अजून योग्यच वाटतं.


३९.६० ग्रॅम

तिसऱ्या दिवशी मी स्टीलच्या डब्यात सुती फडका घातला, त्यात झुणक्याला ठेवलं, वरून जाळीचं कापड बांधलं आणि कोल्हापूरची बस धरली. आत्यांना सांगितलं, यजमानांच्या चष्म्याचं काम आहे.

पक्षी-बिक्षी बघणाऱ्या एक डॉक्टर तिथं होत्या, इनामदार नावाच्या. वयानं सुमेधाहून फार मोठ्या नसतील. त्यांनी झुणक्याला तळहातावर घेतलं, बोटाच्या टोकानं खालचा जबडा किंचित दाबला. जबडा वाकला. ओल्या पुठ्ठ्यासारखा वाकला.

"काय खायला घालता?"

मी सांगितलं. केळं, दूध, खवा, मूग.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मूग?"

"खात नव्हता."

"नशीब. किती दिवस?"

"दोन महिने."

"काकू, याची हाडं विरघळलीत. बाहेरून कॅल्शियम मिळालं नाही म्हणून शरीरानं हाडांतलं काढून वापरलं. जबड्यात जोरच राहिला नाही. तोंड मिटत नाही, गिळायला त्रास होतो."

"म्हणजे त्यानं सोडलेलं नाही?"

"काय सोडलेलं नाही?"

"अन्न."

त्या हसणार होत्या. माझ्या तोंडाकडं बघून थांबल्या.

"त्याला भूक आहे, काकू. खूप भूक आहे. त्याला फक्त खाता येत नाहीये."

मी खुर्चीत बसले. बसायला सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे इंजेक्शन. शांत झोप, त्रास नाही. अशा अवस्थेत पुष्कळ लोक तेच निवडतात आणि त्यात वावगं काही नाही. दुसरी म्हणजे औषधाचे थेंब, आणि दिवसातून दोनदा अळ्यांचा लगदा. पिठात पडतात तशा अळ्या असतात, त्या ताज्या ठेचून, पातळ करून, ड्रॉपरनं ओठाला लावायचा. तो चाटेल. चाटलं तर जगेल. केळ्यावर, दुधावर नाही जगणार.

"अळ्या कुठं मिळतात?"

"माझ्याकडं आहेत. पण काकू, तुम्ही..." त्या माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडं, कपाळाकडं, पर्वातल्या पांढऱ्या साडीकडं बघत होत्या. "जमेल तुम्हाला?"

"मी घुंगरू लावते. बारीक काम जमतं."

त्यांनी विचारलं होतं ते हे नव्हतं, हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर होता. पिशवीत अळ्या कोंड्यात सरसर करत होत्या. अख्ख्या वाटेवर एक वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. ते इथं लिहायला घेतलं होतं, खोडलं. पुढं येईल.


फोन

हुपरीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या केला. फक्त माझी बाजू लिहिते. तिची लक्षात नाही असं नाही.

"मीच बोलतेय. ऐक आधी."

"नाही, खात नव्हता. मी खोटं सांगत होते."

"दोन महिने."

"हो. रड."

"नाही, आज्जीनं एकटीनं नाही. मी पण."

"डॉक्टर म्हणाल्या तेही. झोपवायचं म्हणून."

"तुला त्याचा त्रास बघवत नाही हे कळतं मला. तू बघूच नकोस. मी बघते."

"नाही."

"सुमेधा, त्याला भूक आहे. भुकेल्याला झोपवायचं नसतं, वाढायचं असतं. ठेव फोन."


३९.५५ ग्रॅम

हा आकडा त्याच दुपारचा. घरी आल्या आल्या मी त्याला काट्यावर ठेवलं, सगळ्यांसमोर. सोप्यात आत्या, चंद्राक्का आणि चौघी-पाचजणी बसल्या होत्या. बारा भावना, म्हणजे वैराग्याचा पाठ, वाचायचं चाललं होतं. पाटावरची पेटी रिकामी होती आणि त्या रिकाम्या पेटीसमोरच त्या वाचत होत्या.

"कुठं नेलं हुतंस त्याला?" आत्यांनी विचारलं.

"दवाखान्यात. आत्या, याची सल्लेखना नाही. दुखणं आहे. हाडं मऊ झालीत. आपण केळं घालून घालून केलीत."

"आपण प्रेमानं घातलं."

"प्रेमानंच."

मी स्वयंपाकघरातून नवी वाटी आणली, नवा चमचा आणला, आणि सोप्यातच बसले. आत जाऊन, दार लावून करता आलं असतं. मला ते दार लावून करायचं नव्हतं.

पिशवी उघडली. बायका मागं सरकल्या.

"अगं बया, काय हाय ते?"

"अळ्या आहेत. मी ठेचणार आहे. ज्यांना बघवणार नाही त्यांनी घरी जावं."

"पर्वात?" चंद्राक्का उभीच राहिली. "राजमती, दशलक्षणात? आज उत्तम आर्जव, तिसरा दिवस! डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"पाप माझं. तुमच्या वाट्याला यातलं काही येणार नाही, घाबरू नका."

"तुझी तू नरकात जाशील."

"मग तिथं भेटू नका."

एकजण फसकन हसली आणि पदर तोंडाला लावून गप्प झाली. आत्या उठल्या नाहीत. पाटापलीकडून त्या माझ्याकडं बघत होत्या. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही.

"पोरी, त्याचं भलं चाललंय. मोडू नको. पुढच्या जन्माची वाट हाय ती."

"सल्लेखना घेताना आधी गुरूला विचारावं लागतं, आत्या. शुद्धीत, स्वतःच्या तोंडानं. यानं कुणाला विचारलं?"

"मुका जीव हाय. काय विचारणार?"

"मुका आहे म्हणून त्याच्या वतीनं आपणच हो म्हणायचं?"

"त्यो शांत हाय बघ. किती शांत बसलाय."

"तो हलू शकत नाही."

"तुला काय कळतंय त्याच्या मनातलं?"

मी पहिली अळी वाटीत घेतली. ती वळवळली. णमोकार म्हटला, पूर्ण, मोठ्यानं, आणि चमच्याच्या मागच्या बाजूनं दाबली. बारीक फट्‌ असा आवाज आला. दुसरी घेतली. पुन्हा पूर्ण मंत्र. हात घुंगरू लावताना चालतो तसाच चालला. अजून ते आठवलं की मला स्वतःची थोडी भीती वाटते.

"थांब की गं!" चंद्राक्का ओरडली. "पद्माच्या घरात असलं! ज्या घरात पद्मासारखी लेक तप करून गेली, त्या घरात!"

आता ते वाक्य.

"पद्मालाही गिळता येत नव्हतं," मी म्हटलं.

पद्मा माझी नणंद. आत्यांची धाकटी. लग्न मोडून माहेरी आलेली, चौतीस वर्षांची, मोजकंच बोलणारी. झुणका आला त्याच्या नऊ वर्षं आधी, याच पर्वात, तिनं दहा दिवसांचा उपवास धरला. आयुष्यात पहिल्यांदा गावानं तिचं नाव घेतलं. चौकात फलक लागला. शेवटच्या दिवशी बग्गीतून मिरवणूक ठरली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिच्या पाया पडत होत्या, आणि जिच्याकडं कुणी बघतही नव्हतं ती पद्मा पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसायची. चेहऱ्यावर तेज आलंय म्हणायचे सगळे.

सहाव्या दिवशी मी परसात होते. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, तोंडात पाणी घेतलं आणि तसंच मोरीत सोडलं. परत घेतलं, परत सोडलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "वहिनी, मला सोडायचंय. पण गिळता येईना. पाणी पण उतरेना."

मी काय म्हटलं?

सोप्यात मी ते सगळ्यांना सांगितलं, अळ्यांच्या वाटीवर हात ठेवून.

"मी म्हटलं, चारच दिवस राहिलेत, कळ काढ. फलक लागलाय. आता सोडलंस तर लोक काय म्हणतील."

कुणीतरी बारा भावनांची पोथी मिटली.

"तिनं मान हलवली आणि आत गेली. परत बोलली नाही. बाराव्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात तिचा जीव गेला. डॉक्टरनं फोटो दाखवला, अन्ननलिकेत गाठ होती. 'आधी आणलं असतं तर', एवढंच म्हणाला आणि वाक्य अर्धं सोडलं. आपण घरी येऊन सांगितलं, पद्मानं तप केलं. सगळ्यांनी हात जोडले. मी पण जोडले."

"राजमती," चंद्राक्का पुटपुटली, "आत्यांसमोर असलं..."

"त्यांच्यासमोरच. मी एकदा गप्प बसले, चंद्राक्का. आता तुम्ही मंत्र म्हणा, शाप द्या, काय करायचं ते करा. हा खाणार."

आत्या उठल्या. भिंतीचा आधार घेत घेत देवघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. मागोमाग बायकाही निघाल्या.

ड्रॉपरच्या टोकावर मुगाच्या दाण्याएवढा लगदा घेतला. झुणक्याच्या ओठाला लावला. काही नाही. नाकाखाली थोडा पुसला. तो बघत होता. त्यांच्या डोळ्यांत उभी फट असते, त्यातून नक्की कुठं बघतात ते कळत नाही. मी वाट बघितली. हात तसाच धरून ठेवला. घुंगरू लावताना डाख, म्हणजे सांध्याचा वितळलेला धातू, थंड होईपर्यंत हात असा धरून ठेवावा लागतो, श्वाससुद्धा बेतानं. माझा हात अर्धा तास असा राहतो.

जीभ बाहेर आली. गुलाबी, जाड, आळशी. ओठावरून फिरली, आत गेली.

गळ्याखालची पातळ कातडी एकदा हलली.

मी पुन्हा टोक बुडवलं.


नंतरचं आधी सांगते

म्हणजे शेवटी कुणाला उत्सुकता राहायला नको. झुणका जगला. आणखी सात वर्षं. जबडा कायमचा वाकडा राहिला, त्यामुळं तो सदैव कुणाला तरी वेडावतोय असं वाटायचं. सुमेधानं त्याला परत पुण्याला नेलं. मला त्याची खुशाली ती फोनवर सांगायची, मी विचारायचे, "खरं सांगतेस ना?" आणि ती म्हणायची, "तुझ्यासारखी नाही मी."

घरात ही गोष्ट आता अशी सांगतात की एका पालीनं पर्वात सल्लेखना घेतली होती आणि सुनेनं ती मोडली. पाहुणे आले की दबक्या आवाजात सांगतात. मी चहा घेऊन येते आणि म्हणते, "हो. मोडली."

मंदिरातल्या मंडळींनी निरोप धाडला होता की राजमतीनं प्रायश्चित्त घ्यावं. मी कळवलं, अळ्यांसाठी रोज घेते आहे, एक वेळ जेवते आहे, आणि तो बरा होईपर्यंत रोज ठेचणार आहे. दुसरा निरोप आला नाही.

आता शेवटचं.


क्षमावाणी

पर्व संपलं की आमच्यात एक दिवस असतो. लहान-थोर सगळे घरोघर जातात, हात जोडतात आणि म्हणतात, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. शत्रूकडं आधी जायचं असतं.

चंद्राक्का सकाळीच आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"क्षमा, राजमती."

"क्षमा, चंद्राक्का."

ती थांबली. "तुला आणखी काय म्हणायचं न्हाई?"

"तुमच्या बाबतीत माझं काय चुकलं ते सांगा, त्याची मागते."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "नरकाचं बोलले ते जरा जास्त झालं," आणि माझ्या उत्तराची वाट न बघता निघून गेली.

अळ्या ठेचल्या त्या दुपारपासून आत्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. माझ्या हातचं खात होत्या, पण ताट ठेवून मी हलल्यावर. मी सोप्यात बसून लगदा पातळ करत होते. झुणका मांडीवर, फडक्यात. त्या देवघरातून आल्या आणि माझ्यासमोर खाली बसल्या. गुडघ्यांच्या दुखण्यामुळं त्या खाली बसत नाहीत. मी काम थांबवलं नाही.

"राजमती."

"हं."

"मला तिसऱ्याच दिवशी म्हणाली हुती."

मी मान वर केली.

"कोण?"

"पद्मा." त्या झुणक्याकडं बघत होत्या. "म्हणाली, आई, घास उतरत न्हवता म्हणूनच उपास धरला. आता पाणी पण अडतंय. मी म्हटलं, गिळायचंच न्हाई तर गिळता कशाला यायला पायजे?"

रस्त्यावरून क्षमा मागत फिरणाऱ्या पोरींचा घोळका गेला. हसत, एकमेकींना ढकलत.

"मला वाटलं, देवानंच वाट दावली तिला," आत्या म्हणाल्या. "कुणाची तरी झाली पोर, देवाची का हुईना."

त्यांनी हात जोडले. माझ्याकडं करून. सत्तर वर्षांची बाई, सुनेपुढं.

"क्षमा कर."

रीत अशी आहे की समोरच्यानं लगेच म्हणायचं: क्षमा. सकाळपासून मी तीस जणींना म्हटलं होतं. ओठावर आलेलं होतं.

"नाही, आत्या," मी म्हटलं. "ती माझ्याकडं नाही. जिच्याकडं होती ती गेली. मलाच कुणी दिलेली नाही, मी तुम्हाला कुठून देऊ?"

त्यांचे हात तसेच राहिले. खाली घ्यावेत की नाही ते त्यांना कळेना.

"मग काय करू मी?"

मी ड्रॉपर भरून घेतला.

"याचं डोकं धरायला कुणीतरी पाहिजे. एकटीला जमत नाही, लगदा सांडतो. दोन बोटांत धरायचं, दाबायचं नाही. हाड अजून कच्चं आहे."

वाटीत काय आहे ते त्यांना माहीत होतं. सकाळीच त्यांनी मला मंत्र म्हणताना ऐकलं होतं, एकामागून एक, अकरा वेळा.

त्या हाताच्या आधारानं उठल्या आणि परसात गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ तो वाहत राहिला. मी वाटीवर ओला फडका टाकला आणि झुणक्याला मांडीवर तसंच धरून बसले. त्या परत येतील असं मी गृहीत धरलं नव्हतं.

नळ बंद झाला. त्या आल्या, पदर खोचला, पुन्हा खाली बसल्या. ओले हात माझ्यापुढं धरले.

"कुठं धरू?" त्यांनी विचारलं.